केरबा तपासणीला यायचा

सुमनचा फोन आला तेव्हा मी भांड्यांच्या खोलीत होतो. आमच्या गल्लीत आदल्या दिवशी एक बारसं झालं होतं, त्याची पातेली घासून परत आली होती आणि मी ती एकेक करून भिंतीकडेला उपडी घालत होतो. सुमन म्हणजे केरबाची सून. ती फोन करते तेव्हा पहिलं वाक्य ठरलेलं, "काका, जेवलात का?" त्या दिवशी तिनं ते विचारलं नाही. मला तिथंच समजलं... "काका, मामंजी सकाळीच गेले. चहा मागितला आणि चहा येस्तोवर..." पुढं तिला बोलवेना. हातातलं पातेलं खाली ठेवायचं सुचलं नाही, तसाच धरून उभा राहिलो. बायको आली, तिनं ते हातातून काढून घेतलं आणि मला दारातल्या पायरीवर बसवलं.

आता महिना उलटून गेला. जावई म्हणाला, मामा, तुम्ही केरबाआप्पांवर लिहा, पुरवणीत छापतात. म्हटलं, लिहितो. माझी शाळा चौथीपर्यंतची, पण केरबाबद्दल सांगायला शाळा लागत नाही. आणि माझ्याशिवाय त्याच्याबद्दल खरं कोण सांगणार? बाकीचे सगळे त्याला शांत, गरीब स्वभावाचा म्हणतात. ज्याच्यावर त्यानं अर्ज केला त्याला विचारा.

लातूर जिल्ह्यातलं, मांजरा नदीच्या अलीकडचं आमचं गाव. केरबाचं घर आणि माझं घर यांच्यामध्ये एकच भिंत होती. आमच्या दोघांच्या वडलांनी मिळून गावासाठी भांडी केली होती. त्या काळी ज्याच्या घरी मोठी भांडी त्याच्याच दारात मोठं लग्न, बाकीच्यांनी कुणाच्या तरी ओट्याखाली उभं राहून मागून आणायची, आणि काही घरांना तर मागूनही मिळायची नाहीत. म्हणून दोघांनी घरोघर फिरून तांबं-पितळ गोळा केलं, डेग, हंडे, पराती, कढया करून घेतल्या आणि प्रत्येक भांड्यावर गावाचं नाव टाकून घेतलं. कुणा माणसाचं नाही, गावाचं. शाळेतल्या गुरुजींनी जिल्ह्याला खेपा घालून त्याची रीतसर संस्था नोंदवली. नियम साधा होता... गावातल्या कुठल्याही घराच्या कार्याला भांडी फुकट द्यायची, कुठल्या वस्तीतलं घर आहे ते बघायचं नाही. वडील गेले आणि त्यांच्या जागी मी आणि केरबा विश्वस्त झालो. एक किल्ली त्याच्याकडं, एक माझ्याकडं.

पुढं मी गाव सोडलं. इकडं पुण्याजवळ भोसरीत एका प्रेसशॉपमध्ये चिकटलो, मग चाकणला गेलो आणि चिखलीत गुंठाभर जागा घेऊन घर बांधलं. निघालो त्या दिवशी केरबा बैलांना पाणी पाजत होता. मी म्हटलं, "येतो रं." त्यानं मागं न बघता म्हटलं, "जा की. कुणी धरलंय?" एवढंच. त्यानंतर आम्ही कित्येक वर्षं बोललो नाही. भांडण म्हणाल तर झालंच नव्हतं. मी गावी गेलो की तो शेतात असायचा आणि मी निघालो की घरी यायचा. लग्नाकार्यात समोरासमोर आलो तर तो वाढप्यांवर ओरडायला लागायचा. मीही कमी नव्हतो. मी म्हणायचो, मला काय गरज पडलीय?

माझ्यामागून गावची पोरं येत गेली. कुणी कंपनीत, कुणी वेल्डिंगला, कुणी रिक्षा घेतली. वस्तीतली बौद्ध घरं आली, वरच्या आळीतली आली, आणि शेवटी असं झालं की गावातली लग्नं, बारशी, दिवसकार्यं सगळं चिखली-मोशीलाच व्हायला लागलं. ज्यांना हॉल परवडत नाही ते दारातच मांडव घालतात. भांडी भाड्यानं आणायची म्हटली तर दुकानदार नाक वर करून बोलणार. आणि तिकडं गावात तांब्याची डेग हिरवी पडत चाललेली. मला ते बघवेना. आमच्या गल्लीतला एक टेम्पो लातूरला माल टाकून रिकामा परत यायचा होता. मी त्यात बसून गावी गेलो, माझ्या किल्लीनं खोली उघडली, थोडी भांडी तिथं ठेवली आणि बाकीची भरून चिखलीला आणली. केरबा त्या दिवशी लेकीकडं गेला होता. लोक म्हणतात मी तो नसल्याचं बघून गेलो. खोटं आहे. टेम्पो त्याच दिवशी होता. आणि असता तरी मी विचारलं नसतं, कारण मीही विश्वस्त होतो.

केरबानं जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात अर्ज दिला. संस्थेची मालमत्ता परवानगीशिवाय जिल्ह्याबाहेर नेली, असा. मला नोटीस आली तेव्हा माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी, वडलांनी केलेल्या भांड्यांचा चोर! नवं धोतर नेसून, फेटा बांधून मी सुनावणीला गेलो. केरबा माझ्याआधी येऊन बाकावर बसला होता. बाकावर आणखी माणसं होती, पण जागा तेवढी त्याच्याशेजारीच होती. मी उभा राहिलो.

अधिकारी बाई होत्या, वयानं आमच्या लेकीएवढ्या. त्यांनी मला विचारलं, "आजोबा, भांडी आता कुठं आहेत?"

मी म्हटलं, "आमच्या गावात."

"गावात म्हणजे?"

"चिखलीत."

केरबा उठून उभा राहिला. "बाईसाहेब, त्यांना इचारा, चिखली आमच्या गावात कधी आली?"

"गावची माणसं जिथं, तिथं गाव," मी म्हटलं.

"मंग आमी जे राह्यलोय ते कोण हाव? जनावरं?"

त्या कार्यालयातली टायपिंगची टकटक थांबली. इतक्या वर्षांत तो माझ्याकडं बघून पहिल्यांदा बोलला होता.

बाईंनी आम्हाला दोघांनाही बसवलं आणि पाणी मागवलं. मग त्या जे बोलल्या ते मी विसरलो नाही. म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही भांडी विकून खाल्ली असं मी म्हणत नाही. पण असं बघा. संस्था नोंदली इथं, तिच्यावर लक्ष ठेवायचं आम्ही. भांडी आहेत तिकडं, ती आम्हाला दिसत नाहीत. तिकडच्या कार्यालयाला तुमची संस्थाच माहीत नाही, ते कशाला बघतील? उद्या तुम्ही दोघं नसाल. एखाद्यानं डेग मोडीत घातली तर विचारायचं कुणी? दान कुठं जातं यापेक्षा त्याला विचारणारं कुणी आहे का, हे आम्हाला बघावं लागतं." मी म्हटलं, "मग सगळी संस्थाच पुण्याकडं वर्ग करा." केरबा म्हणाला, "मी मेल्यावर करा." बाई हसल्या नाहीत, त्यांनी लिहून घेतलं.

शेवटी आदेश झाला तो असा. नोंद गावाकडचीच राहणार. चिखलीत राहणाऱ्या गावकऱ्यांना भांडी वापरता येणार आणि तसा नियमात बदल करून दोन्हीकडच्या कार्यालयांना कळवायचं. पण गावात राहणाऱ्या विश्वस्तानं वर्षातून एकदा चिखलीला जाऊन भांडी स्वतः तपासायची आणि अहवाल द्यायचा. गावात राहणारा विश्वस्त एकच होता. बाहेर आल्यावर तो आदेशाचा कागद छातीशी धरून म्हणाला, "आता कुठं जातूस, माणक्या? दर साली येऊन बसणार हाय उरावर."

आणि आला की! ज्या माणसानं शहराचं तोंड बघणार नाही म्हणून शपथ घेतली होती, तो एसटीनं भोसरीला उतरला. डोक्याला पांढरा रुमाल, खांद्याला पिशवी, आणि पिशवीत गावच्या पाण्याची बाटली. माझ्या बायकोनं तांब्या पुढं केला तर हात जोडून म्हणाला, "वहिनी, राग मानू नका. मी तपासणीला आलोय. तपासणी हुईस्तोवर तुमच्या घरचं पाणीबी घेणार न्हाई. घेतलं तर मंग मी कसं लिहिणार?" मी आतून ओरडलो, "बघू नको त्याच्याकडं, उपाशी मरू दे." तो खोलीत गेला, मांडी घालून बसला आणि एकेक भांडं पुढ्यात ओढून बोटाच्या पेरानं वाजवायला लागला. वाजवायचा आणि कान लावायचा. गावात त्याचे वडील अशीच भांडी घ्यायचे, परत आलेलं भांडं तडकलंय का ते आवाजावरनं ओळखायचे.

"ही कढई कुणी आपटली?"

"कुणी न्हाई."

"काठ दबलाय. कुणाच्या लग्नाला गेलती?"

"काशिनाथच्या लेकीच्या."

"कोण काशिनाथ? वस्तीतला? लेक एवढी झाली त्याची?" आणि तिथून तपासणी गेली ती त्या लेकीच्या सासरपर्यंत. कुठं दिली, नवरा काय करतो, कंपनी पक्की आहे का... दुपार टळून गेली. मी दारात उभा. मला बसायला तर सांगितलं नव्हतं, आणि खोली माझी होती! शेवटचा झारा ठेवून तो उठला, गुडघे झटकले आणि बायकोला म्हणाला, "वहिनी, आता टाका चहा. साखर जास्त." अहवालात त्यानं लिहिलं, 'भांडी ठीक. एक कढई दबलेली. सांभाळणारा तापट.' तेवढं शेवटचं खोडून टाक म्हणून मी त्याच्या मागं लागलो. त्यानं खोडलं नाही. पुढं दर वर्षी तेच लिहायचा.

पहिल्या वर्षी तो दुसऱ्या दिवशी गेला. दुसऱ्या वर्षी आठवडाभर राहिला. मग त्यानं युक्तीच काढली. दिवसाला एकच भांडं तपासायचं. सकाळी एक पातेलं वाजवायचं, "आज एवढंच, कान दमला," म्हणायचं, आणि मग आम्ही दोघं मोकळे. पाणी न पिण्याचा नेम त्यानं केव्हाच गुंडाळून ठेवला होता. जावई विचारायचा, "मामा, आप्पांची तपासणी अजून चालूच आहे का?" मी म्हणायचो, "सरकारी काम आहे, आपण काय बोलणार?" आम्ही चाकणला जाऊन माझ्या कंपनीचं गेट बघून आलो. आत सोडलं नाही. त्यानं वॉचमनला सांगितलं, "ह्यानं हितं जलम घातला, आन तुमी त्याला वळखत न्हाई?" मी म्हटलं, चल, ऊन लागतंय. संध्याकाळी गल्लीतनं फिरताना दिसेल त्या पोराला तो थांबवायचा. "कुणाचा रं तू?" पोरगं हिंदीतून काहीतरी बोलायचं. केरबा त्याच्या आजोबाचं नाव काढून घ्यायचा, मग पणजोबाचं त्याला सांगायचा, आणि पोरगं पळून जायचं.

काशिनाथच्या नातवाचं नाव ठेवलं त्या दिवशी तो इथंच होता. मांडवात बुद्धवंदना झाली, मग पंगत बसली. काशिनाथच्या लेकीनं पहिलं ताट त्याच्या पुढ्यात आणून ठेवलं आणि म्हणाली, "आप्पा, आमच्या आईच्या लग्नाला ह्याच डेगीतला भात होता म्हणे." केरबानं भात दोनदा मागून घेतला. येताना रस्त्यात माझ्या दंडाला धरून म्हणाला, "माणक्या, गाव हितंबी हाय. मी न्हाई म्हणत न्हाई. पण तिथंबी हाय." मी म्हटलं, "मी कधी न्हाई म्हटलं?" तो म्हणाला, "भांडी उचलली तवा."

तरी आमचं एक भांडण संपलं नाही. मी दर वर्षी तोच विषय काढायचो. म्हणायचो, गावात आता माणसं किती, भांडी इथं, लोक इथं, नोंद तिकडं कशाला? इकडं वर्ग करू, तुलाही म्हातारपणी एसटीचे हाल नकोत. तो पान लावत ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "झालं बोलून? आता ती परात आण." मी चिडायचो. खरं सांगतो, अजूनही माझं म्हणणं बरोबर होतं असंच मला वाटतं.

शेवटच्या दोन खेपांना त्याला दिसत नव्हतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन कर म्हटलं तर पुढच्या साली म्हणायचा. सुमन त्याला आणून सोडायची. खोलीत शिरताना माझ्या खांद्यावर हात ठेवायचा, पण एकदा भांडं हातात आलं की डोळ्यांची गरजच नाही. तळव्यानं आतून बाहेरून चाचपायचा, वाजवायचा. मी चिडवलं, "आंधळा तपासणीस. कळवू का कार्यालयाला?" तर म्हणाला, "कळव. आदेशात 'स्वतः' लिवलंय, 'डोळ्यानं' लिवलेलं न्हाई." निघायच्या दिवशी एसटीच्या खिडकीतून त्यानं हात बाहेर काढला. मी समजलो पाण्याची बाटली मागतोय, म्हणून बाटली दिली. त्यानं ती दुसऱ्या हातात घेतली आणि हात तसाच बाहेर ठेवला. मग मी धरला. गाडी हलेपर्यंत धरून होतो. त्याला मी गाव सोडतानाचं काही आठवलं का, ते मी कधी विचारलं नाही...

बातमी आली तेव्हा मी गावी गेलो, मातीला पोचलो. दिवसाच्या जेवणाची बोलणी निघाली तेव्हा मी म्हटलं, चिखलीची डेग आणतो, टेम्पो सांगितलाय. सुमन रडत होती ती हसायला लागली. म्हणाली, "काका, मामंजींनी सांगून ठेवलंय. 'माझ्या दिवसाला तो माणक्या तिकडची भांडी घेऊन निघंल. त्याला सांग, भांडं हलवायचं म्हणजे दोन्हीकडं कळवावं लागतं, उगं म्हाताऱ्याची पळापळ. गावात आहेत त्यातच शिजवा.'" मांडवातली सगळी माणसं हसली. मलाही हसू आलं. मेलेल्या माणसानं माझी अशी अडवणूक केली आणि मी टेम्पोवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं.

मागच्या रविवारी जावई कागद घेऊन बसला. विकास त्याचं नाव, चाकणला सुपरवायझर आहे, कागदपत्रातलं त्याला सगळं कळतं. म्हणाला, "मामा, आप्पांची जागा रिकामी झाली. आता विरोध करायला कुणी नाही. संस्था पुण्याकडं वर्ग करायचा अर्ज करू. ती वर्षाची तपासणी पण सुटेल."

मी म्हटलं, "न्हाई. नोंद गावातच राहील."

"पण इतकी वर्षं तुम्हीच तर म्हणत होता."

"म्हणत होतो. त्याच्यासमोर म्हणत होतो."

त्याला काय समजलं कुणास ठाऊक, त्यानं कागद फाइलमध्ये घातला. केरबाच्या जागी सुमनचं नाव कळवलंय. ती गावात राहते, शेत बघते, ती होईल विश्वस्त. फोनवर म्हणाली, "काका, मला त्यातलं काय कळतंय? आवाजावरनं मला काही ओळखता यायचं नाही. तुम्ही सांगाल तसं ठीक म्हणून लिहीन." मी तिला रागावलो. म्हटलं, असं ठीक म्हणून लिहायला कशाला यायचं? आवाज कळत नसला तर डोळे आहेत ना तुला? चांगली खोट काढ. विचार मला. मी ओरडलो तर तूही ओरड.

एका मोठ्या पातेल्याची कल्हई गेली आहे. आत लालसर डाग पडलाय. स्वयंपाकाला ते चालायचं नाही म्हणून बाजूला ठेवलंय. देहूरोडला एक कल्हईवाला अजून बसतो, बायको रोज म्हणते, नेऊन आणा, दोन घंट्यांचं काम. मी नेत नाही. दारातून शिरल्या शिरल्या समोर दिसेल असं ते उताणं ठेवलंय. सुमन येईल, तिला ते दिसेल, ती विचारेल, "काका, हे असं का?"... आणि मला उत्तर द्यावं लागेल.